बदकांच्या लपणावर हिरवी बेशरम नको

नोव्हेंबरात उजनी धरणाच्या फुगवट्यावर थापटे, तलवार बदकं, चक्रवाक उतरू लागले की पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्यांमध्ये एक सल्ला हमखास फिरतो. त्याचं सार असं: लपण, म्हणजे फोटो काढताना दडून बसायचा आडोसा, झाकायला काठावरची बेशरम (पाणथळ जागी माजणारं झुडूप), जलपर्णी किंवा पाणकणीस (काठावरच्या पाण्यात उभं वाढणारं लांब पात्यांचं गवत) तोडा. जितकं हिरवं आणि दाट, तितकं उत्तम. बदकांना रंग कळत नाहीत. छत नसलं तरी चालतं. शिवाय हे सगळं तणच, तोडलं तर तळ्याचं भलंच. सांगणाऱ्यांचा हेतू वाईट नाही, पण हा सल्ला मुळापासून चुकला आहे आणि त्याचा त्रास पक्ष्यांना होतो. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी रंगाचा. बदकांना रंग कळत नसतील तर मग लपण हिरवं कशासाठी? खरं म्हणजे त्यांना रंग आपल्यापेक्षा चांगले कळतात. रंग ओळखणाऱ्या शंकूपेशी आपल्या डोळ्यांत तीन प्रकारच्या, पक्ष्यांच्या डोळ्यांत चार. थापट्या नराचं हिरवं डोकं आणि तांबूस कुशी मादीला दिसतात, म्हणूनच तर तो विणीआधी असा नटतो.

‘हिरवं तितकं बरं’ हे ज्याने हिवाळ्यातला दख्खनचा काठ नीट पाहिलाय तो म्हणणार नाही. डिसेंबरात काठावरचं गवत वाळून पिवळट-भुरं झालेलं असतं. पाणकणसाची पाती टोकाकडून करपत आलेली असतात. धरणाचं पाणी हटत जातं, गाळ उघडा पडतो, त्या गाळात लोकांची पेरणी (गाळपेर) सुरू होते. नोव्हेंबरात लव्हाळ्यात दडलेलं लपण जानेवारीत उघड्या चिखलावर एकटं उभं राहतं. तिथे हिरवा ढीग लांबूनही खुपतो. आणि तोडलेली हिरवाई हिरवी राहतच नाही. जलपर्णी दोन-चार दिवसांत काळी पडून लोळागोळा होते, बेशरमीची पानं मुरडून गळतात आणि नुसत्या काड्या उरतात.

मग काय वापरायचं? माझं उत्तर स्पष्ट आहे: उसाचं पाचट. उजनीच्या दोन्ही काठांना ऊस आहे आणि तोडणीचा हंगाम नेमका बदकांच्या मुक्कामाचाच. पाचटाचा रंग वाळल्या गवताशी जुळतो, ते आधीच सुकलेलं असल्यामुळे आठवड्याने बदलत नाही, आणि कितीतरी शेतकरी ते फडातच पेटवून देतात. विचारलंत तर आनंदाने देतील. हातमोजे मात्र घाला, पात्याची कड ब्लेडसारखी कापते. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा करून पाचटाच्या जुड्या सुतळीने उभ्या बांधा, टोकं वर. गवत उभं वाढतं. आडवं बांधलेलं पाचट छपरासारखं दिसतं. लपण उघड्या गाळावर असेल तर उंची कमीच ठेवा, पोटावर झोपून फोटो काढता येतील इतकी.

कडबाही चालतो, पण पेंढी उलगडून पाहा, एखादं कणीस राहिलेलं असतं. दाणे सांडले की झाकण्याचं साधन आमिष होऊन बसतं. अमेरिकेत बदकांच्या शिकारीला परवानगी आहे, तरीही तिथल्या केंद्रीय नियमांत पिकाची ताटं लावून लपण झाकायला मुभा देताना अट घातली आहे की त्यातून दाणा किंवा खाद्य उघडं पडता कामा नये, पसरता कामा नये. आपल्याकडे तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या व्याख्येत आमिष दाखवणंही शिकारीतच मोडतं. बंदुकीच्या जागी कॅमेरा आहे, एवढ्याने ही काळजी सुटत नाही.

दाटपणाचं म्हणाल, तर सगळीकडून सारखं दाट लपण म्हणजे काठावरचं काळं खोकं. खालून दाट, वर विरळ, कड तुटक ठेवा. पाठीमागची बाजू मात्र खरोखर गच्च हवी. मागून उजेड आला की तुमची आकृती समोरच्या फटींतून हलताना दिसते, आणि बदक उडतं ते बहुतेकदा या हालचालीमुळे.

छताचा सल्ला तर सरळ घातक आहे. बदकं उतरण्याआधी वर घिरट्या घालतात. त्यांचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात, त्यामुळे मागचं आणि वरचंही दिसतं. उघड्या लपणातला माणसाचा चेहरा वरून आधी दिसतो.

आता ‘तणच तर आहे’. पाणकणीस तण नाही, घर आहे. जांभळ्या पाणकोंबड्या आणि वारकरी त्यात घरटी करतात, संध्याकाळी भिंगऱ्या आणि भोरड्या तिथे रात्र काढायला उतरतात. पाण्याखाली कापलं तर ते मरतं, कारण पाण्यात बुडालेल्या मुळांना हवा पोचते ती या खोडा-पानांतूनच, वाळलेल्या थोटकांतूनसुद्धा. नांदूरमधमेश्वर किंवा जायकवाडीसारख्या अभयारण्यात तर परवानगीशिवाय काडीही तोडू नये. बाहेर अगदीच लागलं, तर वाळून पडलेली पाती वेचा. कणसं काढून टाका, ती फुटली की कापूस वाऱ्याने भिंगावर येऊन चिकटतो.

बेशरम आणि जलपर्णी ही परकी झाडं, त्यांचं तोडणं वाईट नाही, हे मान्य. पण ती तोडून लपणाला लावणं वेगळं. ओल्या चिखलात खोचलेली बेशरमीची फांदी मुळं धरते. जलपर्णीचा एक फुटवा होडीच्या तळाशी अडकून दुसऱ्या तळ्यात गेला, तर तिथे नवी चादर पसरायला वेळ लागत नाही. काढायचीच असेल तर उपटून पाण्यापासून लांब वाळवा.

शेवटचा मुद्दा त्या सल्ल्यात नाहीच, तो जाळ्याचा. आत नायलॉनचं जुनं मासेमारीचं जाळं लावून त्यावर पाला खोचायची पद्धत आहे. हंगाम संपला की माणसं निघून जातात, पाला गळतो, जाळं मात्र काठावर राहतं आणि त्यात पाणकोंबड्यांचे पाय अडकतात. जाळ्याशिवाय काम भागतं, सुतळी पुरते. मार्चमध्ये बदकं परत गेली की पाचट शेतात पसरून द्या, कामट्या आणि सुतळी घरी न्या.