निकोबारच्या जहाजाला सहलीची बोट समजू नका

दिवाळी जवळ आली की साताऱ्यात अंदमानच्या पॅकेजची चर्चा सुरू होते. सेल्युलर जेल, रॉस बेट, हॅवलॉक, नील आणि परत. सावरकरांना 1911 साली जिथं नेऊन ठेवलं त्या कोठडीसमोर उभं राहायला मराठी माणसाने गेलंच पाहिजे, याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. पण परत आल्यावर लोक म्हणतात, "अंदमान-निकोबार करून आलो." तेव्हा मला बोलल्याशिवाय राहवत नाही, कारण निकोबार त्यांनी पाहिलेलंच नसतं. हॅवलॉकला (आताचं स्वराज द्वीप) पर्यटकांची एसी बोट दोनेक तासांत नेऊन सोडते. निकोबार तिथून कितीतरी दक्षिणेला, टेन डिग्री चॅनेल म्हणून जो मधला मोकळा समुद्र आहे त्याच्या पलीकडे आहे आणि तिथल्या साध्या माणसाला ये-जा करायला रात्रभर चालणारं सरकारी जहाज लागतं.

लिहायला निमित्त असं झालं की परवा आमच्या ग्रुपवर एकाने मत मांडलं. ग्रेट निकोबारला (निकोबारमधलं सगळ्यात दक्षिणेचं मोठं बेट) आता मोठं बंदर होणार, विमानतळ होणार, मग ही रात्र-रात्र रखडत जाणारी जहाजं कशाला पोसायची? बंद करा. भराभर अंगठे पडले. त्या जहाजातून मी आईला घेऊन गेले आहे आणि माझं मत याच्या पार उलट आहे. विमानतळ येवो न येवो, ही जहाजं वाढली पाहिजेत, वेळेवर सुटली पाहिजेत आणि त्यात पहिला हक्क बेटावरच्या माणसाचा राहिला पाहिजे. (बंदराच्या प्रकल्पावर आणि त्यात जाणाऱ्या जंगलावर वेगळं लिहावं लागेल, ते इथे नको.)

आधी साताऱ्याचा संबंध सांगते, कारण तो फार थोड्यांना माहीत असतो. 1969 पासून पुढची दहा-अकरा वर्षं केंद्र सरकारने ग्रेट निकोबारवर माजी सैनिकांना जमिनी देऊन वसवलं. तीनशेहून जास्त कुटुंबं गेली. पंजाब, केरळ, तमिळनाडू, आंध्र, उत्तर प्रदेश आणि आपला महाराष्ट्र. गोविंदनगर, जोगिंदरनगर, विजयनगर, लक्ष्मीनगर अशी गावं जंगल तोडून उभी राहिली. आपला जिल्हा फौजींचा. अपशिंगे मिलिटरी हे गावाचं नावच पुरेसं आहे. माझ्या आत्याचे मालक, म्हणजे आमचे मामा, पलटणीतून सुटून आल्यावर तिकडे गेले आणि वर्षभरात आत्याला घेऊन गेले. साताऱ्याहून रेल्वेने मद्रास, तिथून समुद्रातून साडेअकराशे-बाराशे किलोमीटर पोर्ट ब्लेअर, तिथून पुन्हा दुसरं जहाज. आजी सांगायची, पोरगी वाठारच्या पुढे कधी गेली नव्हती.

आता प्रवासाचं. पोर्ट ब्लेअरचं नाव 2024 पासून श्री विजयपुरम झालंय, पण जेट्टीवर दोन्ही नावं कानावर पडतात. तिथून ग्रेट निकोबारवरचं कॅम्पबेल बे साधारण साडेपाचशे किलोमीटर. आपलं सातारा-मुंबई जाऊन-येऊन होतं त्याहून थोडं जास्तच. जहाजाचा वेग ताशी वीस-पंचवीस किलोमीटर. थेट गेलं तरी एक रात्र आणि दुसरा बराचसा दिवस जातो, आणि कार निकोबार, कामोर्टा अशी मधली बेटं करत गेलं तर दुसरी रात्रही जहाजातच. अंदमान-निकोबारमध्ये बेटं आणि खडक मिळून 836, त्यातल्या 31 वर वस्ती. या वस्त्यांना आपापसांत जोडणारा रस्ता बहुतेक ठिकाणी नाहीच. समुद्र हाच रस्ता, आणि जहाज ही तिथली मुक्कामी एसटी. ज्यांच्या गावात संध्याकाळची मुक्कामी गाडी येते आणि पहाटे तालुक्याला जाते, त्यांना मी काय म्हणते ते लगेच कळेल. ती गाडी रिकामी धावते की भरून, हा हिशेब गावातलं कुणी करत नाही. ती आली नाही तर दुसऱ्या दिवशी कोर्टाची तारीख चुकते, दवाखाना चुकतो, परीक्षा चुकते.

आम्हाला बंकची तिकिटं मिळाली. बंक म्हणजे खालच्या मजल्यावरचा एक लांबलचक हॉल, त्यात दुमजली लोखंडी पलंगांच्या रांगा, रेक्झिनच्या पातळ गाद्या. उशाला बारीक कठडा, रात्री जहाज कललं की माणूस घरंगळू नये म्हणून. केबिन वर असतात आणि तिथं हवा छान, पण ज्यांना बोट लागते त्यांनी बंकच घ्यावा असं मी सांगेन. जहाज डोलतं तेव्हा सगळ्यात जास्त हेलकावा वरच्या मजल्यांना आणि दोन्ही टोकांना बसतो. पाण्याच्या पातळीजवळ, मधोमध सगळ्यात कमी. आईला तिथंच मधला, खालचा पलंग मिळाला आणि तिचं निभावलं.

आमच्या शेजारच्या पलंगावर एक निकोबारी बाई होती. कडेवर पंधरा-वीस दिवसांचं बाळ. पोर्ट ब्लेअरच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात बाळंतपण करून ती घरी निघाली होती. दवाखान्याची फाइल प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, पिशवीला गाठ मारून, ती उशीखाली ठेवलेली. सोबत नवरा, अंड्यांचे ट्रे सुतळीने बांधलेले, कांद्या-बटाट्याचं पोतं, मोठ्या मुलीसाठी नवं दप्तर. दप्तरावरचा कागद काढला नव्हता. तिची हिंदी स्वच्छ, आईची मोडकीतोडकी, पण बाळाला कसं शेकावं यावर दोघींचं तासभर चाललं. जेवणाची घोषणा भोंग्यावरून झाली तेव्हा सगळा हॉल ताटं घेऊन उठला. भात, डाळ, कोबीची भाजी, पापड. बाईने आपल्या डब्यातली भाजलेली मासळी आईपुढे केली. आई शाकाहारी. तिने नमस्कार केला आणि बदल्यात शेंगदाण्याची चटणी आणि भाकरीचे तुकडे दिले. बाईने भाकरी डाळीत कुस्करून खाल्ली.

मध्यरात्रीनंतर टेन डिग्री चॅनेल लागला. दहा अंश उत्तर अक्षांशावरचा, अंदमान आणि निकोबार यांच्या मधला दीडशे किलोमीटर रुंदीचा हा पट्टा. दोन्ही बाजूंना आडोसा द्यायला बेटच नाही, त्यामुळे मोकळ्या समुद्राच्या लाटा जहाजाला आडव्या येतात. आम्ही फेब्रुवारीत गेलो होतो, म्हणजे समुद्र शांत असण्याचे दिवस. तरीही पलंगांचे सांधे कुरकुरायला लागले, पाण्याच्या बाटल्या एकीकडून दुसरीकडे लोळायला लागल्या आणि हॉलच्या टोकाला कुणाकुणाची ओकारी सुरू झाली. जून-जुलैत त्याच चॅनेलमधून गरोदर बायका, ताप आलेली पोरं, पाय मोडलेले म्हातारे जातात. वादळाचा इशारा लागला तर जहाज सुटतच नाही आणि सगळे जेट्टीजवळ ओळखीच्या कुणाकडे तरी दिवस काढतात. हे ज्याला दिसलं, तो "जहाजात मजा येते का" असा प्रश्न विचारणार नाही.

पहाटे डेकवर गेले. तिकडे आपल्या साताऱ्यापेक्षा सव्वा तासाहून जास्त आधी उजाडतं, कारण घड्याळ आपलंच आणि सूर्य मात्र पूर्वेचा. कार निकोबारचा किनारा दिसत होता, नारळींची एक सरळ रेघ. तिथं जहाज लागलं, पण आम्हाला उतरता आलं नाही. निकोबारचा आदिवासी राखीव भाग 1956 च्या कायद्याने संरक्षित आहे, बाहेरच्याला पासाशिवाय पाय ठेवता येत नाही. आमच्याबरोबरचे काही जण यावर कुरकुरत होते. मला हा नियम मनापासून पटतो. बाळ घेऊन ती बाई उतरली. शिडीच्या तोंडाशी खलाशाने बाळाला हातात घेतलं, तिला आधी उतरू दिलं, मग बाळ खाली दिलं. जेट्टीवर तिच्या घरचे सगळे जमले होते. वर चढणाऱ्यांत एका म्हाताऱ्या गृहस्थांना चौघांनी खुर्चीसकट उचलून आणलं. ते कॅम्पबेल बेला लेकीकडे निघाले होते.

हेलिकॉप्टर आहे की, असं म्हणणाऱ्यांनी हे डोळ्यांपुढे आणावं. हेलिकॉप्टर आहे, आणि गंभीर रुग्णासाठी ते हवंच. पण त्यात बसतात किती माणसं? सामान किती चालतं? अंड्यांचे ट्रे, सुपारीची पोती, लग्नाचं वऱ्हाड, कॉलेजला निघालेल्या पोराची ट्रंक आणि गादी हे कशातून जाणार? विमानतळ झाला तरी बंकचं भाडं परवडणारा माणूस विमानात बसणार नाही, आणि कामोर्टा, काछाल, तेरेसा, चौरा इथली माणसं तर मुळीच नाही, कारण विमान त्यांच्या बेटावर उतरणार नाही. एका बेटावर धावपट्टी झाली म्हणून मधल्या बेटांची जहाजं तोडणं म्हणजे महामार्ग झाला म्हणून वाड्या-वस्त्यांचा रस्ता उखडणं.

26 डिसेंबर 2004 ची गोष्ट आत्याच्या तोंडून ऐकली ती इथे थोडक्यात सांगते. ग्रेट निकोबार सुमात्राच्या अगदी जवळ, त्यामुळे भूकंप आणि पाणी दोन्ही थेट अंगावर आले. बेटाचं दक्षिण टोक, इंदिरा पॉइंट, सव्वाचार मीटर खचलं. तिथला दीपस्तंभ तेव्हापासून पाण्यात उभा आहे. आत्याचं घर, सुपारीची बाग, विहीर, सगळं गेलं. माणसं टेकडीवर पळाली म्हणून वाचली. नंतरची काही वर्षं पत्र्याच्या शेडमध्ये गेली. जेट्ट्या मोडल्या होत्या तरी जहाजं आली, लांब नांगर टाकून उभी राहिली आणि माणसं होड्यांतून नेऊन चढवली. आत्या म्हणते, जहाजाचा भोंगा ऐकला तेव्हा पहिल्यांदा वाटलं की आपण कुणाच्या तरी लक्षात आहोत. मामा आता नाहीत. आत्याने साताऱ्याला परत यायला साफ नकार दिला. अंगणात तिने तुळशीवृंदावन पुन्हा बांधलंय.

आणि हे सगळं आपल्याला इतकं परकं वाटायचं कारण नाही. आपल्याच जिल्ह्यात कोयनेचं धरण झालं, शिवसागर भरला आणि कांदाटी खोऱ्यातली गावं पाण्यापलीकडे गेली. अकल्पे, लामज, दरे इकडच्या पिढ्यान् पिढ्यांनी तापोळा-बामणोलीला लाँचने ये-जा केली. पुण्या-मुंबईचे लोक बामणोलीला येतात ते वासोट्याला जायला, त्यांच्यासाठी लाँच म्हणजे सहल. पलीकडच्या गावातल्या बाईसाठी ती दवाखाना आहे, बाजार आहे, माहेर आहे. शनिवार-रविवारी बोटी पर्यटकांनी भरल्या की गावकऱ्याने काठावर थांबायचं, हे मी बघितलंय आणि मला ते कधीच पटलं नाही. तिकडे जहाजाच्या तिकिटात बेटवासीयाला आधी जागा मिळते, बाहेरच्याला उरली तर. आपल्याकडेही तसंच व्हायला हवं. त्यासाठी फार पैसा लागत नाही. पहिली फेरी आणि शेवटची फेरी गावकऱ्यांसाठी, असं ठरवून पाळलं तरी बरंच होईल.

निकोबारच्या जहाजांबद्दल माझी मागणी सरळ आहे. वेळापत्रक निदान महिनाभर आधी जाहीर व्हावं. कोणतं जहाज कधी सुटणार हे अगदी शेवटच्या दिवसांत कळणं म्हणजे गरिबाला पोर्ट ब्लेअरला लॉजवर दिवस काढायला लावणं. आम्ही रांगेत होतो तेव्हा पुढचा म्हातारा तीन वेळा परत पाठवलेला होता, तोही बेटावरचाच. एक जहाज दुरुस्तीला गोदीत गेलं की बदली जहाज तयार असावं. बंकच्या हॉलमध्ये रुग्णासाठी दाराजवळचे दोन-चार पलंग राखून ठेवावेत, आणि जहाजावर एक नर्स असावी. बाळंतीण आणि खुर्चीवरून आणलेले आजोबा एकाच जहाजात होते, यापेक्षा जास्त काय सांगू? हा पैसा तोट्यात धरू नये. ग्रेट निकोबारवर फौजी कुटुंबं देशानेच नेऊन वसवली, सीमेवर पहारा हवा म्हणून. त्यांची ये-जा सांभाळणं देशाचं काम आहे.

ज्यांना जायचंय त्यांनी जरूर जावं. कॅम्पबेल बेला जायला आपल्याला त्या वेळी कोणती परवानगी लागते ते निघायच्या आधी प्रशासनाकडे विचारून घ्या. फेब्रुवारी-मार्च गाठा. बोट लागणाऱ्यांनी गोळी जहाज सुटायच्या आधी घ्यावी, ओकारी सुरू झाल्यावर तिचा उपयोग नाही. पोट रिकामं ठेवू नका, कोरडं थोडं थोडं खा, जमेल तेव्हा डेकवर जाऊन क्षितिजाकडे बघत बसा. चादर, पाण्याची बाटली आणि शेंगदाण्याची चटणी बरोबर असू द्या. परतीला जागा मिळाली नाही तर दोन दिवस हातात ठेवा आणि बेटावरच्या माणसाची जागा मागू नका.

आणि एक विनंती. सातारा, कोरेगाव, खटाव, पाटण, कराड, वाळवा, तासगाव, जिथून कुठून तुमच्या घरातले कुणी सत्तरच्या दशकात ग्रेट निकोबारला जमीन घेऊन गेले असतील, तर मला इनबॉक्समध्ये गावाचं नाव आणि साल कळवा. आत्याला एवढं आठवतं की त्यांच्या जहाजात आपल्याकडची आणखी काही कुटुंबं होती, आणि त्यांची पुढची पिढी कुठं आहे हे तिला जाणून घ्यायचंय. मी पुढच्या हिवाळ्यात पुन्हा जाणार आहे, तेव्हा यादी बरोबर नेईन.