रानडुक्कर, हरीण आणि एकच रायफल: एका आक्षेपाला उत्तर

महोदय,

आपली सविस्तर प्रतिक्रिया मी काळजीपूर्वक वाचली. टेक्सासमध्ये राहून नव्याने शिकारीकडे वळणाऱ्या मराठी मंडळींसाठी मी जो लेख लिहिला, त्यात रानडुक्कर आणि पांढऱ्या शेपटीचे हरीण या दोन्हींसाठी एकच रायफल घ्यायची झाल्यास .३०८ विंचेस्टर या काडतुसाची बोल्ट ॲक्शन (दर गोळीनंतर हाताने खटका ओढून पुढचे काडतूस भरायची) रायफल, तिच्यावर तीन ते नऊ पट मोठे दाखवणारी साधी दुर्बीण आणि चांगल्या प्रतीची गोळी एवढे पुरेसे आहे, असे मत मांडले होते. आपला आक्षेप असा की ही शिफारस जुनाट आहे. डुकरे कळपाने येतात, म्हणून एआर-१५ धाटणीची सेमी-ऑटोमॅटिक, म्हणजे दर गोळीनंतर पुढचे काडतूस आपोआप भरणारी, रायफलच हवी. तिचे नेहमीचे .२२३ चे काडतूस येथे हरणालाही कायद्याने चालते, मग नवख्याने .३०८ चा धक्का का सोसावा, असे आपण विचारता. डुकरे रात्री हिंडतात, तेव्हा थर्मल (उष्णता टिपून अंधारात दाखवणाऱ्या) दुर्बिणीखेरीज इतर कोणतीही दुर्बीण पैसे वाया घालवणे आहे, आणि मी रायफलीपेक्षा गोळीवर व तिकाटण्यावर (रायफल टेकवायच्या तीन पायांच्या आधारावर) अधिक लिहून मूळ विषयाला बगल दिली, असेही आपण म्हणता. शिवाय कोकणातील आजोबांच्या १२ बोअरच्या छऱ्यांच्या बंदुकीचा दाखला आणि सहकारी विकत असलेल्या जुन्या .२७० रायफलीविषयीचा प्रश्न आहेच.

यांतील कायद्याचा मुद्दा बरोबर आहे. टेक्सासमध्ये हरणासाठी रिमफायर (बुडाच्या कडेवर ठोका बसून पेटणारे) काडतूस चालत नाही, मात्र सेंटरफायर (बुडाच्या मध्यावर ठोका बसून पेटणारे) असल्यास कोणतेही कॅलिबर चालते, आणि .२२३ सेंटरफायरच आहे. परंतु कायद्याने चालणे आणि कामाला पुरेसे असणे यांत अंतर आहे, आणि ते अंतर हरणापेक्षा डुकराच्या बाबतीत अधिक जाणवते. म्हणून मी रायफलीपासून नव्हे, तर जनावराच्या शरीरापासून सुरुवात केली होती.

हरणाचे हृदय आणि फुप्फुसे छातीच्या पिंजऱ्यात अशी बसलेली असतात की खांद्याच्या लगेच मागे, बरगड्यांवर, मध्यापासून किंचित खाली गोळी बसली तर ती पातळ कातडी आणि बरगडी भेदून थेट फुप्फुसांत जाते. डुकराचे तसे नाही. त्याचे हृदय व फुप्फुसे अधिक पुढे आणि अधिक खाली, जवळजवळ दोन्ही खांद्यांच्या मध्ये असतात. हरणावर नेम धरायला शिकलेला माणूस त्याच सवयीने डुकराच्या खांद्यामागे गोळी घालतो, ती यकृतात किंवा पोटात जाते, आणि जखमी जनावर मेस्कीटच्या काटेरी झुडपांत दिसेनासे होते. म्हणून आडव्या उभ्या असलेल्या डुकरावर नेम पुढच्या पायाच्या रेषेत सरळ वर, शरीराच्या खालच्या तिसऱ्या हिश्शात धरावा लागतो. याचा अर्थ गोळीला खांद्यातून जावे लागते. वयात आलेल्या नराच्या खांद्यावर कातडीखाली चिवट, कूर्चेसारख्या ऊतींचा जाड थर असतो, त्यामागे हाड असते, आणि चरबीमुळे जखमेचे तोंड बुजून रक्ताचा माग अनेकदा फारसा राहत नाही. बाहेर न पडलेल्या गोळीने मारलेले डुक्कर रात्री शोधायचे म्हणजे काय, हे ज्याने केले आहे तो रायफलीच्या रूपावर फार वेळ बोलत नाही.

गोळीवर मी इतके का लिहिले, याचे उत्तर या खांद्यात आहे. .२२३ ची ५५ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचे माप) नेहमीची, झटकन फुटणारी गोळी कोल्ह्यासारख्या लहान जनावरांसाठी बनवलेली असते. ती खांद्यावर आदळून वरच्यावर विखुरली तर मोठी जखम होते, पण खोल जखम होत नाही. त्याच .२२३ मध्ये ६२-६४ ग्रेनची, शिसे आवरणाला घट्ट सांधलेली बाँडेड गोळी किंवा अखंड तांब्याची गोळी वापरली, अंतर १०० यार्डांच्या आत ठेवले आणि नेम जागेवर धरला, तर डुक्कर आणि हरीण दोन्ही पडतात. हे मी नाकारलेले नाही आणि आजही नाकारत नाही. फक्त त्या तीन अटींपैकी एक सुटली की .२२३ कडे चूक पोटात घालायला फारसे काही उरत नाही. नळीच्या तोंडाशी .२२३ ची ऊर्जा साधारण १,२८० फूट-पाउंड असते, इतर काडतुसांपैकी १०० ग्रेनच्या .२४३ ची सुमारे १,९५०, ६.५ क्रीडमूरची २,३०० च्या आसपास आणि १५० ग्रेनच्या .३०८ ची सुमारे २,६५०. ऊर्जेचा आकडा जनावर मारत नाही, हे खरे. पण जड गोळी कोनातून खांद्यात शिरली तरी आरपार जाण्याइतका जोर तिच्यात शिल्लक असतो, आणि नवख्याला सगळी जनावरे आडवी उभी राहून भेटत नाहीत.

धक्क्याविषयीची आपली तक्रार मात्र मला सर्वांत वजनदार वाटते. साडेसात पाउंडांच्या रायफलीत .३०८ चा धक्का १७-१८ फूट-पाउंडांच्या घरात जातो, .२४३ चा त्याच्या निम्म्याहून थोडा अधिक असतो, आणि ६.५ क्रीडमूर या दोहोंच्या मध्ये बसते. धक्क्याच्या भीतीने चाप ओढताना डोळे मिटणाऱ्या माणसाच्या हाती .३०८ देण्यापेक्षा .२४३ द्यावी. शरीरयष्टी लहान असेल, किंवा पूर्वी कधी बंदूक हाताळलेली नसेल, तर ६.५ क्रीडमूर किंवा ७एमएम-०८ घेण्यात काहीही कमीपणा नाही. मी .३०८ सुचवली ती तिच्यात काही जादू आहे म्हणून नव्हे. १९५२ पासून बाजारात असलेले हे काडतूस येथे लहान गावातील हार्डवेअरच्या दुकानातही मिळते, त्याच्या गोळ्यांत निवड भरपूर आहे, आणि स्वस्त सराव-काडतुसांमुळे माणूस हंगामापूर्वी प्रत्यक्ष सराव करतो. ज्या रायफलीचे काडतूस महाग, तिचा सराव कागदावर राहतो.

आता सेमी-ऑटोमॅटिकचा मुद्दा. कळप आला तर एकामागून एक गोळ्या झाडता याव्यात, हा आपला युक्तिवाद शेतकऱ्याच्या दृष्टीने समजण्याजोगा आहे. परंतु त्यातून आपण जो निष्कर्ष काढता, तो मला टिकणारा वाटत नाही. टेक्सासमधील रानडुकरांची संख्या टेक्सास ए अँड एम विद्यापीठाच्या अंदाजानुसार २६ लाखांच्या आसपास सांगितली जाते. डुकरीण वर्षाच्या आतच वयात येते, एका वेळी चार ते आठ पिल्ले देते, आणि संख्या नुसती स्थिर ठेवायची तरी दरवर्षी सुमारे दोन तृतीयांश डुकरे कमी करावी लागतात. रायफलीने हे होत नाही, मग ती कोणतीही असो. पहिल्या गोळीसरशी कळप उधळतो, दुसरी आणि तिसरी गोळी धावत्या जनावरांवर जाते, काही जखमी होतात, आणि वाचलेली डुकरे त्या जागी दिवसा यायचे सोडतात. म्हणून येथील तज्ज्ञ शेतकऱ्यांना सांगतात की मोठा कोंडवाड्यासारखा सापळा लावावा, कळपाला काही दिवस मक्याची सवय होऊ द्यावी आणि सगळा कळप आत आल्यावरच दार पाडावे. ज्याला शेत वाचवायचे आहे, त्याने आधी सापळा घ्यावा. माझा लेख मांसासाठी शिकार करणाऱ्यासाठी होता. त्याला कळपातील एक मध्यम आकाराची डुकरीण हवी असते, आणि त्यासाठी पहिली गोळीच पुरते. एआर-१५ वापरू नये असे माझे म्हणणे नाही. ती हाताळायला सोपी, धक्क्याला सौम्य आणि अचूक रायफल आहे. दुसरी रायफल म्हणून ती जरूर घ्यावी.

थर्मल दुर्बिणीबाबत आपण अर्धी गोष्ट सांगितली. खासगी जमिनीवर, मालकाच्या परवानगीने, रानडुकरांची शिकार येथे बाराही महिने आणि रात्रीही करता येते, आणि उन्हाळ्यात तर डुकरे दिवसा सावलीबाहेर पडतच नाहीत, हे मान्य. पण हरणाची शिकार सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून सूर्यास्ताच्या अर्ध्या तासानंतरपर्यंतच कायदेशीर आहे, आणि थर्मल त्या कामासाठी नाही. साध्या बोल्ट रायफलीच्या दोन-तीन पट किंमत मोजून नवख्याने असे उपकरण घ्यावे, ज्यात उष्ण आकृती स्पष्ट दिसते, पण तिच्यामागचा उतार कुठे संपतो, मध्ये कुंपणाची तार किंवा फांदी आहे का, हे नीट कळत नाही, हे मला धोक्याचे वाटते. दूरवर दिसणारे ठेंगणे, उष्ण जनावर म्हणजे शेजाऱ्याचे वासरूही असू शकते. ज्याने निदान एक हंगाम दिवसा शिकार करून ती जमीन पायांखाली घातली आहे, त्याने थर्मल घ्यावी. तोवर पहाटे आणि संध्याकाळी, फीडरपासून (जनावरांसाठी दाणे टाकणाऱ्या यंत्रापासून) १०० यार्डांवरच्या मचाणावर ३-९×४० ची स्वच्छ काचेची दुर्बीण पुरेशी आहे. १०० यार्डांवर शून्य केलेली, म्हणजे त्या अंतरावर नेमाशी जुळवलेली, .३०८ ची १५० ग्रेनची गोळी २०० यार्डांवर साधारण चार इंच खाली जाते, आणि येथील बहुतेक संधी त्याच्या अलीकडच्याच असतात. त्यासाठी बुरुजाएवढे आकडेवाले चाक असलेली महाग दुर्बीण लागत नाही.

आजोबांच्या १२ बोअरचा दाखला मला आवडला, पण तो येथे लागू पडत नाही. कोकणात पूर्वी हाका घालून डुक्कर उठवले जाई, आणि ते झुडपातून वीस-तीस पावलांवर फुटे. तेथे एलजीचे मोठे छर्रे आणि जलद खांद्याला लागणारी दुनळी हेच योग्य साधन होते. येथे आपण बसून वाट पाहतो आणि जनावर शंभर यार्डांवर उभे असते. तेवढ्या अंतरावर छर्रे पांगतात, जनावर जखमी होऊन पळते. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार हा विषय बंद झाला असून पिकाचे नुकसान करणाऱ्या डुकरासाठीही वनखात्याच्या परवानगीखेरीज काही करता येत नाही. तेव्हा माझ्या लेखातील कोणताही सल्ला कृपया गावी नेऊ नये.

तिकाटण्यावर मी अधिक लिहिले ते जाणूनबुजून. उभ्याने, हातावर तोललेली रायफल नवख्याच्या हातात १०० यार्डांवर जेवढी हलते, त्याचा फरक कोणत्याही महाग नळीने भरून निघत नाही, आणि सत्तर-ऐंशी डॉलरचे तिकाटणे तो भरून काढते. बाकी सामान थोडे आहे. कानांचे संरक्षण सोडू नये. सप्रेसर (नळीच्या तोंडाला लावायचे, आवाज कमी करणारे साधन) येथे शिकारीसाठी कायदेशीर आहे आणि १९३४ पासूनचा त्यावरील २०० डॉलरचा संघीय कर १ जानेवारी २०२६ पासून शून्य झाला आहे, तरी अर्ज व मंजुरी लागतेच, आणि सप्रेसर लावूनही .३०८ चा आवाज उघड्या कानांना निर्धोक नसतो. सार्वजनिक शिकारीच्या जमिनीवर भडक नारिंगी जाकीट आणि टोपी लागते. रबरी हातमोजे मात्र सुरीइतकेच आवश्यक समजावेत, कारण रानडुकरांमध्ये ब्रुसेला सुइस हा जंतू असू शकतो आणि तो सोलताना हातावरच्या ओरखड्यातून माणसात येतो. मांस १६० अंश फॅरनहाइटपर्यंत शिजवावे. नोव्हेंबरातही येथे दुपारी चांगलेच ऊन असते, म्हणून बर्फाने भरलेली मोठी पेटी गाडीत हवीच. जनावर पडल्यावर बर्फ आणायला निघालेला माणूस निम्मे मांस गमावतो.

आपण परवान्याविषयी जे लिहिले, त्याने मात्र काही वाचकांचे मोठे नुकसान होऊ शकते. १ सप्टेंबर २०१९ पासून खासगी जमिनीवर रानडुकरे मारण्यासाठी टेक्सासचा शिकार परवाना लागत नाही, हे खरे आहे, आणि त्यावरून आपण ‘डुकरांपुरते कागद लागतच नाहीत’ असे म्हटले. परंतु एच-१बी, एफ-१ यांसारख्या व्हिसावर असलेल्या व्यक्तीला संघीय कायद्याने बंदूक अथवा काडतूस जवळ बाळगण्यासच मनाई आहे, आणि त्या मनाईतून जे मोजके अपवाद आहेत, त्यांतील एक म्हणजे अमेरिकेतील कायदेशीर, चालू शिकार परवाना. म्हणजे राज्याने डुकरांसाठी परवाना माफ केला असला, तरी अशा माणसाला तो हवाच, मित्राची रायफल हातात घेण्यापुरताही. टेक्सासचा वार्षिक परवाना ३१ ऑगस्टला संपतो. तो नवा करायचे राहिले तर कपाटातील रायफल दुसऱ्या दिवसापासून गुन्हा ठरू शकते. ग्रीन कार्डधारकांना ही अडचण नाही. २ सप्टेंबर १९७१ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना हंटर एज्युकेशनचा अभ्यासक्रमही लागतो, आणि तो आधी केलेला बरा.

राहिला सहकाऱ्याच्या .२७० चा प्रश्न. काडतूस १९२५ चे असले तरी हरणाला उत्तम आहे, आणि १३० ग्रेनची बाँडेड गोळी डुकराच्या खांद्यालाही पुरते, धक्का .३०८ सारखाच समजावा. आपण ती रेमिंग्टन ७०० असल्याचे लिहिले आहे. मे २००६ ते एप्रिल २०१४ या काळात बनलेल्या या मॉडेलमधील एक्स-मार्क प्रो चाप कंपनीने २०१४ मध्ये परत मागवला होता, कारण चाप न ओढता गोळी सुटण्याचा धोका होता, आणि त्याआधीच्या वॉकर चापाबद्दलही खटले झाले आहेत. तेव्हा अनुक्रमांकावरून रायफल कोणत्या वर्षाची आहे ते पाहावे, चाप बदलला आहे का हे बंदूक दुरुस्त करणाऱ्याकडून तपासून घ्यावे, आणि नळीत गंज वा खड्डे नाहीत याची खात्री करावी. किमतीचे मात्र त्या तपासणीनंतरच बोलावे. सहकारी ओळखीचा असला तरी व्यवहार परवानाधारक दुकानातूनच करावा. तेथे नोंद होते, आणि आपण व्हिसावर असाल तर शिकार परवाना तेथे दाखवावा लागेल.