स्टेडियमचं राहू दे, दोनशे खुर्च्यांचं बोला

आमच्या फॅमिली ग्रुपवर सध्या दोन पार्ट्या आहेत. एक म्हणते मुंबई आता वर्ल्ड क्लास झाली, कोल्डप्ले आलं, एड शीरन आला, दुआ लिपा येऊन गेली, महालक्ष्मीला लोलापलूझा हा संगीत महोत्सव होतो, आता एक मोठं एरिना, म्हणजे कार्यक्रमांसाठीचं बंदिस्त स्टेडियम, झालं की लंडन-बिंडन सगळं मागे. दुसरी पार्टी म्हणजे दादरचे काका, ते एकटेच आहेत पण चौघांना पुरून उरतात, त्यांचं म्हणणं एवढे पैसे भरून लांबून मुंगीएवढा माणूस बघण्यापेक्षा दिवाळी पहाटेला जा, चांगलं गाणं ऐका, फराळ करा. आणि दोन्हीकडचे शेवटी मलाच टॅग करतात, "तू सांग गं, तू तिथे राहतेस ना", जणू लंडनला राहिलं की माणसाला सगळं कळायला लागतं.

म्हणून एकदाच लिहून टाकते. जानेवारी २०२५ मध्ये नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर कोल्डप्लेचे तीन शो झाले, तिकिटं २,५०० पासून ३५,००० पर्यंत, ती बघता बघता संपली आणि ब्लॅकमध्ये लाखांवर गेली, त्याच महिन्याच्या शेवटी पंतप्रधान भुवनेश्वरला म्हणाले की आपल्याकडे कॉन्सर्ट इकॉनॉमीला, म्हणजे अशा कार्यक्रमांभोवतीच्या उलाढालीला, खूप वाव आहे, आणि तेव्हापासून आमच्याकडे ज्याला त्याला हॉटेल बुकिंग, विमानभाडं आणि नवी मुंबईतलं एरिना यावर मत आहे. मला यात नवीन काही वाटत नाही. १ नोव्हेंबर १९९६ ला मायकल जॅक्सन अंधेरीच्या क्रीडा संकुलात नाचून गेला तेव्हाही घरात हेच दोन गट होते, आणि शिवसेना-भाजप युती सरकारने करमणूक कर माफ केला म्हणून ग्राहक पंचायत कोर्टात गेली ते प्रकरण पुढे कित्येक वर्षं रेंगाळलं. मोठा कलाकार येतो, दोन दिवस गाजावाजा, मग पैसे कुणाच्या खिशात गेले यावर भांडण. पण त्या सगळ्यातून या शहरात स्वतःची गाणी लिहून गाणारा एक तरी नवा माणूस उभा राहिला का, हे कोणी विचारत नाही. आणि माझं म्हणणं तेवढंच आहे, की भांडण चुकीच्या साइझवर चाललंय.

यावेळी सुट्टीला आले तेव्हा भाची म्हणाली मावशी चल, आज एक गिग आहे, म्हणजे छोट्या जागेतला गाण्याचा कार्यक्रम. लोअर परळचं मिल कंपाउंड (गिरणी गेली पब आले हे सगळ्यांनी लिहून लिहून इतकं गुळगुळीत केलंय की मी ते सोडून देते), आत काळ्या भिंतींची जागा, तीनशे माणसं मावतील, स्टेज गुडघ्याएवढं. गाणारी मुलगी डोंबिवलीची, स्वतः लिहिते, स्वतः चाली लावते, गळ्यात इलेक्ट्रिक गिटार, मागे बेस आणि ड्रम्स. नाव मुद्दाम लिहीत नाही, हा काही रिव्ह्यू नाही आणि ग्रुपवर तिच्या नावाने परत रामायण नको. गाणी पॉप रॉक म्हणतात तशी, कोरस दुसऱ्यांदा आला की आपणही नकळत म्हणायला लागतो, पण शब्द सगळे इथले, घरभाडं, आईशी धरलेला अबोला, साडेआठची फास्ट चुकणं. मला आवडली. आवाज फार मोठा नाही पण काय सांगायचंय ते तिला नक्की माहीत आहे, आणि इतक्या जवळून बघितल्यावर पट्टी बदलताना तिने ड्रमरकडे टाकलेला कटाक्षसुद्धा दिसतो, जे ३५,००० देऊनही दिसत नाही.

पण. वेळ आठची, सुरू साडेनऊला. मधला दीड तास सगळे खातायत पितायत. बरं, सुरू झाल्यावरही खातायत पितायत. स्टेजच्या बाजूच्या टेबलावर कोणाचातरी वाढदिवस, तिचं सगळ्यात हळू गाणं चालू असताना तिथे सिझलर आलं, त्याचा तो चर्र आवाज आणि धूर, मग टाळ्या, त्या गाण्याला की सिझलरला कळेना. भाची चिडली, लोकांना अक्कल नाही म्हणाली. मला नाही तसं वाटत. तिकीट आठशेचं, त्यातले पाचशे खाण्यापिण्यात वळते, म्हणजे गाण्याचे उरले तीनशे, त्यात साउंडवाला, बँड, तिकीट साइटचं कमिशन. लोअर परळचं भाडं तीनशे रुपयांत निघत नाही, ते बिअरवरच निघतं, त्यामुळे त्या जागेच्या दृष्टीने गाणं हे बिअर खपवायचं साधन आहे आणि वाढदिवसाचं टेबल हे खरं गिऱ्हाईक. मालक दुष्ट आहे असं नाही, हिशोबच तसा आहे. याच भागात मथुरादास मिल कंपाउंडमध्ये २००७ ला ब्लू फ्रॉग हा लाइव्ह गाण्यांचा क्लब सुरू झाला होता, तिथला साउंड ऐकलेली माणसं अजून हळहळतात, तो २०१६ ला बंद झाला.

आणि एक गोष्ट मला खरंच लागली. एका गाण्याआधी ती माइकवर म्हणाली, "नेक्स्ट वन इज इन मराठी, सॉरी हां." मुंबईत! दुकानांच्या पाट्या, शाळेतली हिंदी, अभिजात दर्जा यावर आमच्या ग्रुपवर आठ-आठ दिवस रणधुमाळी चालते, आणि इथे डोंबिवलीची मुलगी परळला उभी राहून मराठी गाण्याची माफी मागतेय. तिला कोणी गप्प केलं नव्हतं, ती आधीच अंग चोरून घेत होती. गंमत म्हणजे पुढच्या पंचवीस-तीस पोरांना ते गाणं पाठ होतं, शब्दन् शब्द. ग्रिफ रीस हा वेल्सचा गायक वेल्श भाषेत गातो आणि लंडनमध्ये वेल्श कळणारे किती असतील, पण तिथे श्रोत्यांना सॉरी म्हणावं असं काही कोणाच्या मनात येत नाही.

आता लंडन. तिथे रोज कॉन्सर्ट असतात हे खरंय, पण मी स्टेडियमला जवळजवळ जातच नाही, परवडत नाही. मी जाते ती इझलिंग्टनच्या युनियन चॅपलला. हे खरोखरचं चर्च आहे, एकोणिसाव्या शतकातलं, रविवारी प्रार्थना होते, आठवड्यात गाण्याचे कार्यक्रम, नऊशेच्या आसपास लोक लाकडी बाकांवर बसतात, आणि मुख्य म्हणजे दारू आत न्यायची नाही, चहा-कॉफी चालते. थंडीत कोट घालूनच बसावं लागतं, पाठ दुखते, पण कोणी हूं की चूं करत नाही. दारावर वेळापत्रक लावलेलं असतं, दार सातला, आधीचा छोटा कलाकार पावणेआठला, मुख्य कलाकार पावणेनऊला, संपणार कधी तेही. आणि ते संपतं. काही दैवी शिस्त वगैरे नाही हं, लायसन्सची वेळ पाळली नाही तर लायसन्स जाऊ शकतं. २०१२ मध्ये हाइड पार्कला ब्रूस स्प्रिंगस्टीन आणि पॉल मॅकार्टनी एकत्र गात होते, वेळ उलटली म्हणून त्यांचे माइक बंद केले, मग बाकीच्यांचं काय घेऊन बसलात.

पण भाचीला वाटतं तसा तिथे स्वर्ग नाही. छोट्या जागांची संस्था आहे, म्युझिक व्हेन्यू ट्रस्ट, तिच्या हिशोबाने एकट्या २०२३ मध्ये ब्रिटनभर अशा १२५ जागा गेल्या. भाडं, विजेचं बिल, आणि शेजारी नवीन फ्लॅट झाले की आवाजाच्या तक्रारी. म्हणजे रोग तोच आहे जो परळला आहे. फरक एवढाच की तिथे या रोगावर भांडण तरी होतं. २०१८ पासून इंग्लंडच्या प्लॅनिंगच्या धोरणात असं आलं की गाण्याची जागा आधीपासून असेल आणि तुम्ही नंतर शेजारी इमारत बांधत असाल तर आवाज अडवायची सोय तुम्ही करायची, जागेने नाही. आणि स्टेडियम-एरिनाच्या प्रत्येक तिकिटामागे एक पाउंड छोट्या जागांसाठी काढा अशी मागणी खासदारांच्या समितीने उचलून धरली, रॉयल अल्बर्ट हॉलने ते मान्यही केलं. सक्ती नाही, त्यामुळे बरेच जण अजून कां-कूं करतायत. पण ज्याच्याकडे आहे त्याने द्यावं हा विचार टेबलावर आहे. आपल्याकडे ३५,००० च्या तिकिटावरून एवढं बोललो, त्यातले शंभर रुपये डोंबिवलीच्या मुलीला पोचावेत असं कोणाच्या तोंडून ऐकलंत का? एरिनावाले नाही बोलले आणि काकाही नाही बोलले.

आवाजाच्या बाबतीत तर आपण सरळ कुलूप लावून मोकळे होतो. धोबी तलावला झेवियर्सच्या बाजूला रंगभवन होतं, उघडं थिएटर, शहरातल्या रॉकवाल्यांची काशी, इंडिपेंडन्स रॉक हा रॉक महोत्सव तिथे व्हायचा. आजूबाजूला हॉस्पिटल आणि कॉलेज, शांतता क्षेत्राचा नियम आला आणि २००३ च्या सुमारास गाणं बंद. पेशंटला झोप हवी हे मला शंभर टक्के मान्य आहे, मीच उद्या तिथे ॲडमिट असेन. पण बंद केल्यावर त्याच्या बदल्यात दुसरीकडे काय दिलं? काही नाही.

इथेच मला काकांच्या पार्टीचं काहीतरी पटतं, फक्त त्यांना जे सुचत नाही ते मी सांगते. लंडनने चर्च वापरलं, आपल्याकडे त्याहून तयार वस्तू आहे, नाट्यगृह. शिवाजी मंदिर, यशवंत, पार्ल्याचं दीनानाथ, बोरिवलीचं प्रबोधनकार, ठाण्यात गडकरी आणि घाणेकर. यातली बरीच महापालिकांनी लोकांच्या पैशातून बांधलेली, नफ्यासाठी नव्हे. प्रभादेवीच्या रवींद्रला, प्रबोधनकारला, घाणेकरला तर छोटी थिएटरंही आहेत, अगदी त्या दोनशे खुर्च्यांच्या साइझची. तिसरी घंटा झाली की पडदा जातो आणि लोक गप्प बसतात, हे आपल्याला कोणा गोऱ्याने शिकवायची गरज नाही, मोबाइल वाजला तर आख्खं थिएटर वळून बघतं. खाणं मध्यंतराला, बटाटेवडा बाहेर. सिझलर आत येतच नाही.

आणि एक माणूस स्वतःचं गाणं घेऊन उभा राहतो हे मराठीला नवीन आहे असं म्हणणाऱ्यांचं मला नवल वाटतं. भावगीतं गाणाऱ्या गजानन वाटव्यांना ऐकायला गणेशोत्सवात रस्ते भरायचे. अमर शेख, अण्णा भाऊ, गवाणकर यांचं लाल बावटा कलापथक याच परळ-लालबागच्या कामगारांपुढे स्वतः लिहिलेली कवनं गायचं, ते काय होतं मग? संदीप खरे आपल्या कविता गातात ते ऐकायला लोक इतकी वर्षं तिकीट काढून नाट्यगृहातच जातात, लंडनला मंडळाने बोलावलं की आम्हीही कोट घालून धावतो. डफाच्या जागी, पेटीच्या जागी इलेक्ट्रिक गिटार आली म्हणून तो धांगडधिंगा होत नाही, काका.

आक्षेप मला माहीत आहेत. नाटकवाले म्हणतील आम्हालाच तारखा मिळत नाहीत, आणि ते बरोबर आहे, शनिवार-रविवारला हातही लावू नये. सोमवार ते गुरुवार द्या ना. उभं राहून नाचायचंय त्यांनी परळला जावं, सगळंच नाट्यगृहात कोंबायचं नाही. भाचीचा आक्षेप जास्त टोकदार होता, "बिअर नसेल तर येणार कोण मावशी?" याला माझ्याकडे पक्कं उत्तर नाही. त्या पुढच्या पंचवीस-तीस जणांपैकी बरेच आले असते असं मला वाटतं, बाकीचे नसते आले, आणि वाढदिवसवाले तर नक्कीच नाही. पण साडेसातची घंटा ठेवली तर कार्यक्रम दहाला सुटतो, रवींद्रच्या दारात मेट्रोचं सिद्धिविनायक स्टेशन आहे, आणि शेवटची मेट्रो साडेदहाच्या सुमारास सुटते. लंडनलाही रात्रभर ट्यूब फक्त शुक्रवार-शनिवार आणि तीही ठरावीक लाइनींवर, बाकी दिवस आम्हीही शेवटच्या गाडीमागे पळतोच. परळहून त्या रात्री आम्ही सव्वाअकराला बाहेर पडलो, मेट्रो बंद, रिक्षा या भागात येत नाहीत, कॅबवाल्याने मुलुंडचं भाडं असं सांगितलं की तेवढ्यात त्या मुलीची आणखी दोन तिकिटं आली असती.

नुसतं लिहून काय होणार म्हणून एका नाट्यगृहाला, कोणतं ते सांगत नाही, फोन केला. मिनी थिएटर, मधल्या वारी, संध्याकाळ. पलीकडचे गृहस्थ अगदी सज्जन होते. "नाटक का?" म्हणाले. नाही, गाण्याचा कार्यक्रम. "मग ऑर्केस्ट्रा." म्हटलं नाही हो, ऑर्केस्ट्रा नाही, एक मुलगी आहे, गिटार घेऊन स्वतःची गाणी म्हणणार. "म्हणजे ऑर्केस्ट्राच की मॅडम, आमच्याकडे नाटक, ऑर्केस्ट्रा, सभा आणि गॅदरिंग एवढंच आहे." आणि ऑर्केस्ट्राचा रेट नाटकापेक्षा बराच जास्त. एरिना बांधायला किती कोटी लागतील मला माहीत नाही, पण या यादीत पाचवी ओळ घालायला एक ठराव लागेल फक्त. मी म्हटलं बरं, पण सोमवार मिळेल का? सोमवार रिकामाच असतो म्हणाले, "पण माइक तुमचे आणा, आमचे दोनच चालू आहेत." म्हटलं एक गळ्याला, एक गिटारला, दोनच लागतात.