जुने कपडे, मीठ-व्हिनेगर आणि परभणीचं बोअरचं पाणी

भिशीच्या ग्रुपवर तोच मेसेज तिसऱ्यांदा आला. "जुने कपडे टाकू नका, अर्ध्या तासात नवे करा!" खाली कृती: कापड कोणतंही घ्या, रंग गडद असेल तर आधी ब्लीचमध्ये बुडवा, मग हळद, बीट नाहीतर चहाच्या पाण्यात उकळा, केमिकल नको, मीठ-व्हिनेगर घाला, रंग कायमचा पक्का, डागसुद्धा झाकले जातात. शेवटी हात जोडलेले आणि "दहा बहिणींना पाठवा".

मी पाठवला नाही. कपडे रंगवायला माझा विरोध नाही, गेली काही वर्षं मी स्वतःच घरी रंगवते. विटलेले सुती कुर्ते, पायजमे, उशांचे अभ्रे, सगळं झालंय. म्हणूनच हा मेसेज वाचून हात शिवशिवतात.

आधी मीठ-व्हिनेगर, कारण सगळ्यांचा विश्वास त्यावरच आहे. नवी लाल साडी आणली की आई पहिल्यांदा मिठाच्या पाण्यात भिजवायची, तिथून हे आपल्या डोक्यात बसलंय. मिठाला काम आहे, पण ते वेगळं. पाण्यातला रंग धाग्याकडे ढकलायला मीठ मदत करतं, धाग्यात कोंडून ठेवत नाही. किराणा दुकानात मिळणारी रंगाची पुडी मीठ घालून उकळली तर कापड छान रंगतं आणि पुढच्या चार धुण्यांत शेजारच्या बनियनलाही रंगवतं. व्हिनेगर कामाचं आहे लोकर, रेशीम आणि नायलॉनला, तेही त्यांच्यासाठीच्या अॅसिड रंगांबरोबर. सुताला त्याचा काडीचा उपयोग नाही.

सुतात रंग कायमचा बसवतो तो धुण्याचा सोडा. रिअॅक्टिव्ह नावाचे रंग असतात, १९५६ साली इंग्लंडमधल्या आयसीआय कंपनीने ते पहिल्यांदा बाजारात आणले. सोड्याच्या पाण्यात हा रंग सुताच्या धाग्याशी रासायनिक बंध करतो, मग तो धुऊन निघत नाही. त्यातला थंड पाण्यात लागणारा प्रकार घ्यावा. अर्धा किलो कोरड्या कापडाला १० लिटर पाणी, मध्यम रंगासाठी १० ते १५ ग्रॅम पूड, अर्धा किलो मीठ. वीसेक मिनिटं हलवत राहायचं, मग २०० ग्रॅम सोडा वेगळ्या पाण्यात विरघळवून घालायचा आणि पुढे तासभर अधूनमधून ढवळायचं. इथे व्हिनेगर ओतलंत तर सोडाच मारला जाईल, म्हणजे मेसेजमधल्या सल्ल्याने पक्का होऊ घातलेला रंग कच्चा राहील. खायचा सोडा वेगळा, तो या कामी फार कमजोर. हातात रबरी मोजे हवेत आणि पूड मोजताना नाकाला मास्क, ती श्वासात गेलेली चांगली नाही.

भांडं स्टीलचं नाहीतर प्लास्टिकची बादली, आणि ते परत स्वयंपाकात आणायचं नाही. जगात जर्मनी, भारतात परभणी असं आपण म्हणतो, पण जर्मनचं पातेलं या कामात आणू नका. सोडा अॅल्युमिनियम खातो.

हळद-बीटचं प्रकरण तसं लवकर आटोपतं. माझ्या धाकट्या जावेने पांढरी ओढणी बिटाच्या पाण्यात उकळली. पातेल्यात काय सुंदर राणी रंग दिसत होता! एका धुण्यात ती वरणाच्या पाण्यासारखी झाली. हळद कापडाला पटकन धरते, पण उन्हात उडते आणि साबण लागला की लाल पडते. वरणाचा डाग साबणाने लाल होतो आणि उन्हात वाळवल्यावर जातो, हे रोज बघूनही आपण हळदीला पक्का रंग म्हणतो! चहा त्यातल्या त्यात टिकतो, कारण त्यात टॅनिन असतं, पण तो बदामीच्या पुढे जात नाही. नैसर्गिकच हवं असेल तर तुरटी देऊन मंजिष्ठा, नाहीतर हिरडा-डाळिंबाची साल, असं रीतसर करावं लागतं. त्याला अर्धा तास नाही, दोन-तीन दिवस लागतात.

"कोणतंही कापड" हे मात्र साफ खोटं. पॉलिएस्टरला वेगळे रंग लागतात आणि कारखान्यात ते दाबाखाली साधारण १३० अंशांवर चढवतात. आपल्या गॅसवर पाणी १०० च्या पुढे जात नाही. शाळेच्या गणवेशाचं टेरीकॉट रंगवलं तर फक्त त्यातलं सूत रंगतं, पॉलिएस्टर तसंच राहतं, कापड करडं-करडं दिसतं. शंका असेल तर शिवणीच्या आतला एक धागा उपटून काडीने जाळून बघा. सूत कागदासारखं जळून मऊ राख होतं, पॉलिएस्टर वितळून कडक काळा मणी होतो, रेशमाला केस जळल्याचा वास येतो. शिलाईचा दोराही बघा, तो पॉलिएस्टरचा असला तर रंगत नाही. मी विटलेला मोरपंखी सुती कुर्ता काळा केला, कापड कोळशासारखं झालं आणि काजांभोवती, बाह्यांवर मोरपंखी टाके जसेच्या तसे! लोक विचारतात, डिझायनर आहे का. मी हो म्हणते.

डाग झाकले जात नाहीत. तेलाच्या डागावर रंग कमी बसतो, त्यामुळे रंगवल्यावर तो जास्त उठून दिसतो. जुना रंगही खाली राहतोच, पिवळ्यावर निळा चढवलात तर हिरवा मिळेल.

आता ब्लीच. मेसेजमध्ये आधी ब्लीच आणि पुढे व्हिनेगर आहे. या दोन्हींची गाठ पडली तर क्लोरीन वायू सुटतो. बंद न्हाणीघरात ब्लीचचं कापड नीट न धुता कुणी व्हिनेगरमध्ये टाकलं तर दम कोंडेल. नुसत्या याच ओळीसाठी तो मेसेज ग्रुपवरून काढायला हवा होता. रेशीम आणि लोकर तर ब्लीच खाऊनच टाकतं.

आणि मेसेज लिहिणाऱ्याने पाणी मोजलेलंच नाही. रंगवायला एक बादली, पण नंतर खळाळून काढायला माझ्या सहा-सात जातात. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं, त्या मुलखात आपण राहतो. माझ्या सासूबाई दारात उभ्या राहून म्हणतात, "एवढं पाणी कशाला घालवायलीस गं?" म्हणून एक कुर्ता रंगवायला बसत नाही, पाच-सहा कपडे साठले की पावसाळ्यात एकदम काढते. ते पाणी झाडांना घालत नाही, मीठ-सोड्याने माती बिघडते. संडासात ओतते.

त्यात आमचं बोअरचं पाणी जड. पहिल्या वेळी सोडा पडताच पाणी पांढुरकं झालं आणि वाळल्यावर निळ्या कुर्त्यावर खडूसारखी भुरभुर बसली. तो क्षार होता. आता रंगाच्या बादलीला आरओचा जार घेते, खळाळायला बोअर.

हे सगळं ग्रुपवर टाकलं. जावेचा लगेच फोन, तिच्या आजीची हिमरूची शाल विटलीय, ती रंगवू का? हिमरू म्हणजे सूत आणि रेशीम एकत्र विणलेलं. सोडा सुताला लागतो, तोच रेशमाला बाधतो. तिला म्हटलं, नको रंगवूस, विटलीय तशीच पांघर.