‘झाड म्हणजे झाडच’ : एका प्रतिक्रियेला जरा लांबलेलं उत्तर

नमस्कार,

उत्तर द्यायला उशीर झाला त्याबद्दल सॉरी. खरं सांगते, तुमची कमेंट पहिल्यांदा वाचली तेव्हा डोकंच फिरलं होतं, तेव्हाच काही टाइप केलं असतं तर भांडणच झालं असतं, म्हणून चार दिवस तशीच राहू दिली आणि मग तीनही पुस्तकं परत काढून बसले. आता लिहिते.

ज्यांनी कमेंट वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हलाखीत वाढणाऱ्या मुलांच्या कादंबऱ्यांमधल्या प्रतीकांवर मी मागची पोस्ट लिहिली होती. त्यावर तुमचं म्हणणं असं, की भूक ही भूक असते आणि झाड हे झाड, त्यांच्यावर अर्थ चिकटवणं हा पोट भरलेल्या वाचकाचा टाइमपास आहे. दुसरं, ‘कष्टातून माणूस घडतो’ ही थीमच खोटी आहे आणि मी ती डोळे झाकून मान्य केलीये. आणि जाता जाता तुम्ही एक चूकही दाखवलीत, ‘पथेर पांचाली’तल्या रेल्वेबद्दलची.

चुकीपासूनच सुरुवात करते, कारण तीच मला सगळ्यात जास्त झोंबली. मी लिहिलं होतं की अपू आणि दुर्गा दोघं पळत जाऊन आगगाडी बघतात. ते सिनेमात, १९५५ च्या. विभूतिभूषण बंदोपाध्यायांच्या १९२९ च्या कादंबरीत भावंडं रेल्वे बघायला निघतात खरी, पण वाट चुकतात आणि गाडी न बघताच परत येतात. पुढे दुर्गा तापाने आजारी पडते, आणि बरी झाल्यावर मला एकदा रेलगाडी दाखवशील ना, असं धाकट्या भावाला विचारते. ती बरी होत नाही. अपू गाडीत बसतो तो गाव सोडून जाताना, दिदीशिवाय. म्हणजे मी ‘रेल्वे म्हणजे बाहेरचं मोठं जग, प्रगती’ वगैरे जे छान छान लिहिलं होतं ते कादंबरीला लागूच पडत नाही. तिथे रेल्वे म्हणजे दिलेला शब्द, जो पाळता आला नाही. इतकं वेगळं आहे ते, आणि मी सिनेमातला सीन डोक्यात ठेवून कादंबरीवर बोलत होते. चूक कबूल, शंभर टक्के.

पण हीच चूक दुरुस्त करताना मला तुमच्या पहिल्या मुद्द्याचं उत्तर सापडलं, म्हणजे निदान मला तरी तसं वाटतंय.

त्याच कादंबरीत एक सोन्याची डबी आहे, कुंकवाची. शेजारच्या श्रीमंत घरातून ती नाहीशी होते, आळ दुर्गावर येतो, तिला मार बसतो, ती शेवटपर्यंत नाही म्हणते. ती गेल्यावर, घर आवरून निघायच्या वेळी, अपूला ती डबी घरातच एका मडक्यात सापडते. तो कोणाला काही सांगत नाही. जाऊन बांबूच्या बेटात फेकून देतो. (सिनेमात मण्यांची माळ आहे आणि तो ती डबक्यात टाकतो, यावेळी मात्र चेक करून लिहितेय!) आता सांगा, या डबीला मी अर्थ चिकटवतेय का? लेखक तर एक शब्द जास्त बोलत नाही. पण एवढासा मुलगा बहिणीची चोरी आपल्यापाशी ठेवतो, गुपचूप, आणि त्या एका मिनिटात तो मोठा झालाय हे आपल्याला कळतं. ‘अपू आता मोठा झाला’ असं लिहिलं असतं तर काहीच वाटलं नसतं.

मग मी बाकीची दोन पुस्तकं याच नजरेने चाळली आणि गंमत म्हणजे तिथेही लपवलेलीच वस्तू निघाली.

डिकन्सच्या ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’मध्ये कानस आहे. आपली साधी लोहाराची कानस. छोटा पिप घाबरून ती मेव्हण्याच्या भट्टीतून चोरतो आणि पळून आलेल्या कैद्याला बेडी कापायला नेऊन देतो. हे पुस्तक १८६०-६१ मध्ये साप्ताहिकात क्रमशः आलं, म्हणजे तेव्हाच्या वाचकाला ही कानस आठवडेच्या आठवडे लक्षात ठेवावी लागली असणार. मग एकदा गुत्त्यात एक अनोळखी माणूस पिपच्या डोळ्यांदेखत आपलं पेय कानशीने ढवळतो. दुसऱ्या कोणाला त्यात काही दिसत नाही, पिपचा मात्र जीव जातो. पुढे त्याच्या बहिणीच्या डोक्यात कोणीतरी घाव घालतं आणि शेजारी पडलेली असते ती कापलेली पायबेडी, म्हणजे हत्यार आपणच पुरवलं हे ओझं परत पिपच्याच डोक्यावर. वस्तू तीच, पण पोराला तिचा अर्थ दरवेळी नवा आणि जास्त वाईट कळत जातो. माझ्या मते प्रतीक म्हणजे एवढंच. वस्तू आहे तिथेच असते, बघणारा वाढतो.

आता तुमचा दुसरा मुद्दा, ‘कष्टातून माणूस घडतो’. इथे मी तुमच्याच बाजूने आहे, मागच्या पोस्टमध्ये ते नीट आलं नाही ही माझी गडबड. डिकन्स स्वतः १२ वर्षांचा असताना बुटाच्या पॉलिशच्या कारखान्यात बाटल्यांना लेबलं चिकटवत होता, बाप कर्जापायी तुरुंगात. मग ‘त्यानेच मी घडलो’ असं सांगत फिरला का? उलट आयुष्यभर लपवलं, त्याच्या मुलांनासुद्धा ते तो गेल्यावर चरित्रातून कळलं. गरिबी त्याच्याकडे उरली ती लाज म्हणून. आणि पिपची गोष्टही लाजेचीच आहे. पैसा आल्यावर, ज्याने वाढवलं तो लोहार मेव्हणा (त्याचं नाव ‘जो’) लंडनला भेटायला येतो तेव्हा पिपला वाटतं पैसे देऊन याला टाळता आलं असतं तर दिले असते. जोची हॅट सारखी पडत राहते त्या सीनमध्ये, वाचताना हसू येतं आणि मग स्वतःचीच लाज वाटते की आपण पिपच्या बाजूने हसलो. पोरगं हलाखीत मोठं होत नाही हो, आपल्याला कोणाची लाज वाटली होती हे कळल्यावर होतं. आणि काही जण त्यानेही होत नाहीत. ‘कोसला’ (१९६३) घ्या, धाकटी बहीण मनी जाते, पांडुरंग शिक्षणात नापास होऊन गावी परत येतो, आणि त्यातून तो काही शिकला बिकला असं कादंबरी आपल्याला अजिबात म्हणू देत नाही. या विषयावरच्या अर्ध्या ‘प्रेरणादायी’ पुस्तकांपेक्षा ते मला खरं वाटतं.

राहिलं झाड. बेटी स्मिथचं ‘अ ट्री ग्रोज इन ब्रुकलिन’, १९४३, एका गरीब कुटुंबातल्या मुलीची गोष्ट. अंगणातलं झाड धुणं अडकतं म्हणून तोडतात, बुंधा जाळायला बघतात, तरी त्यातून परत फुटवा येतो. मी या झाडावर चार परिच्छेद लिहिले होते आणि तुम्ही म्हणालात झाड म्हणजे झाडच. अंशतः मान्य. म्हणजे ते प्रतीक आहेच, लेखिकेनेच ते शीर्षकात टांगलंय, पण त्यामुळेच ते जरा सोपं आहे, वाचकाला शोधायला काही उरत नाही. त्याच पुस्तकात कपाटाच्या कोपऱ्यात खिळ्यांनी ठोकलेला एक पत्र्याचा डबा आहे, त्यात वर्षानुवर्षं नाणी टाकायची, कधीतरी स्वतःची जमीन घ्यायची म्हणून. मध्येच नड आली की फोडायचा, परत ठोकायचा. आणि शेवटी त्या पैशातून जमीन येते ती बापाच्या कबरीची. हा डबा मी मागच्या पोस्टमध्ये एका ओळीत उरकला होता! झाडावर चार परिच्छेद आणि डब्यावर एक ओळ, यावरूनच कळतं मी कसं वाचत होते ते.

तरी एका गोष्टीवर अडून बसते. पोट भरलेल्या वाचकाचा टाइमपास हे पटलं नाही. त्या डब्यात नाणं टाकणाऱ्या घराला तो डबा म्हणजे नुसता डबा कधीच नव्हता, अर्थ त्यांनीच आधी लावला होता, मी फक्त उशिरा पोचले. ज्याच्याकडे मोजून चार वस्तू असतात तो त्यांच्याकडे आपल्यापेक्षा जास्तच रोखून बघतो.

लेखकाने हे सगळं ठरवून केलं असेल का, असंही विचारलंत. कानशीचं नक्की, ती योगायोगाने तीनदा येत नाही. बाकीच्यांचं काय ते त्यांनाच माहीत, आणि मला त्याने फारसा फरक पडत नाही.

मूळ पोस्टमधली रेल्वेची चूक सुधारलीये, खाली तशी नोंदही टाकलीये. झाडाचे चार परिच्छेद मात्र काढले नाहीत, काढले असते तर तुमची कमेंट कशावर होती तेच पुढच्या वाचकाला कळलं नसतं. डब्यावर वेगळं लिहायचा विचार आहे, लिहिलं की इथेच लिंक देते, तेव्हा परत भांडायला या.