'शक्यता नाकारता येत नाही' म्हणजे नक्की किती?

पावसाळ्यात आमच्या नाशिकला गंगापूर धरणातून गोदावरीत पाणी सोडलं की मोबाईलवर निरोप येतो, 'नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे.' आता सतर्क राहायचं म्हणजे काय करायचं? भांडीबाजारात आमचं दुकान आहे, आणि आपण सतर्क राहिलो म्हणून पितळेचे हंडे काही आपोआप माळ्यावर चढत नाहीत. म्हणून मी घाटावरच्या मित्राला फोन लावतो. "मारुतीचं काय?" तो म्हणतो, "कंबर गेली." बस्स. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या उंच मूर्तीच्या कमरेला पाणी लागलं की काय उचलायचं आणि छातीला लागलं की काय, हे वडिलांच्या काळापासून ठरलेलं आहे. 2019 च्या ऑगस्टमध्ये तर मारुती पार बुडाला होता. आमचा माल तोवर वर गेला होता.

हे आठवलं ते टीव्हीवरच्या एका चर्चेमुळे. कुठेही हल्ला झाला की तीच भांडणं सुरू होतात. एक म्हणतो, गुप्तचर यंत्रणांनी आधीच इशारा दिला होता. दुसरा म्हणतो, इशारा मोघम होता. मला वाटतं दोघंही खरं बोलत असतात. 'हल्ल्याची शक्यता नाकारता येत नाही' असं लिहिलं की लिहिणारा दोन्हीकडून सुटतो. झालं तर 'आम्ही सांगितलं होतं', नाही झालं तर 'आम्ही कुठे होईलच म्हणालो?'

यातला सगळ्यात बोलका किस्सा अमेरिकेतला आहे. 1951 साली सीआयएच्या अंदाज-अहवालात लिहिलं होतं की त्या वर्षी युगोस्लाव्हियावर हल्ला होण्याची 'गंभीर शक्यता' आहे. हे काम बघणारे शर्मन केंट मूळचे इतिहासाचे प्राध्यापक. परराष्ट्र खात्यातल्या एकाने त्यांना विचारलं, गंभीर म्हणजे किती हो? केंट म्हणाले, शंभरात पासष्टच्या आसपास. तो माणूस चपापला, कारण त्याने फारच कमी धरलं होतं. मग केंटनी आपल्याच सहकाऱ्यांना विचारलं, ज्यांनी ते वाक्य एकमताने मान्य केलं होतं. उत्तरं आली 20 पासून 80 पर्यंत! एकमत होतं ते फक्त शब्दावर.

अक्कल यायला मात्र अर्धं शतक आणि इराकचं युद्ध लागलं. सद्दामकडच्या शस्त्रांबद्दलचे अंदाज फसले. 2004 च्या ब्रिटनमधल्या बटलर अहवालाने दाखवून दिलं की मूळ टिपणांतले 'पण-परंतु' जनतेसमोरच्या कागदात येईपर्यंत गळून गेले होते. आता अमेरिकेच्या गुप्तचर खात्यांच्या नियमावलीत शब्दांना आकडे बांधलेले आहेत. 'लाइकली', म्हणजे 'संभव आहे', याचा अर्थ 55 ते 80 टक्के. गंमत म्हणजे आपल्या हवामान खात्याच्या पावसाच्या पत्रकात हाच शब्द 25 ते 50 टक्क्यांसाठी आहे. त्याचं मला काही वाटत नाही. खाली कोष्टक छापलंय ना, मग झालं. द्राक्षवाला ते बघून फवारणीचं ठरवू शकतो.

आपल्याकडचं दुखणं थोडं वेगळं आहे, हे मान्य करायला हवं. कारगिल युद्धानंतर काय चुकलं हे तपासायला नेमलेल्या के. सुब्रह्मण्यम यांच्या समितीने जे लिहिलं, ते काही भाग वगळून 2000 साली संसदेपुढे आलं. त्यात एक बाब अशी आहे की वाचून डोक्याला हात लावावा. जून 1998 मध्ये आयबीने, म्हणजे देशांतर्गत गुप्तचर खात्याने, सीमेपलीकडच्या हालचालींबद्दल वर पत्र पाठवलं होतं. पण ज्यांना ते आधी मिळायला हवं होतं, ते परदेशातली हेरगिरी बघणाऱ्या रॉचे प्रमुख, संयुक्त गुप्तवार्ता समितीचे अध्यक्ष आणि लष्करी कारवायांचे महासंचालक, या तिघांना ते धाडलंच नव्हतं. बातम्यांची जुळवाजुळव करून अंदाज बांधायचा, हे ज्या समितीचं कामच, तिलाच पत्र नाही! तिथे टक्केवारी लिहिली असती तरी काय उपयोग होता?

तरीही माझा हट्ट आकड्याचाच आहे. आकडा लिहिला की तो नंतर तपासता येतो. ब्रायर नावाच्या हवामानवाल्याने 1950 मध्येच अशा अंदाजांना गुण द्यायची रीत काढली. 2011 पासून अमेरिकन गुप्तचर खात्याच्या संशोधन संस्थेने जागतिक घडामोडींवर अंदाजांची स्पर्धा चालवली, तेव्हा हीच रीत वापरली. त्यात साध्यासुध्या हौशी लोकांनी भल्याभल्यांना मागे टाकलं. हे लोक आपले आकडे सतत दुरुस्त करत राहायचे. आपल्याकडेही दहा वर्षांपूर्वीचे अंदाज काढून, बंद दाराआड का होईना, कुणीतरी गुण द्यावेत. ते काम ज्यांनी अंदाज लिहिले त्यांच्याकडे नको, एवढंच.

हे सगळं मी शेजारच्या सुभेदारसाहेबांना ऐकवलं. देवळालीच्या तोफखान्यातून निवृत्त झालेला माणूस. पहिला भाग त्यांना पटला. "आमच्यात ओपीवरून, म्हणजे निरीक्षण चौकीवरून, 'जरा पुढे टाका' कोणी म्हणत नाही. दोनशे म्हणजे दोनशे. गोळा पडला की पुन्हा दुरुस्ती." मग डोळे बारीक करून म्हणाले, "पण तीस टक्के लिहून पाठवलं आणि खरंच झालं, तर घरी कोण जाणार? तू?"

मी म्हटलं, "काका, एकावरून कुणाला धरायचंच नाही. तीस टक्क्यांचे शंभर अंदाज घ्या, त्यातले तीसेक खरे ठरले तर माणूस बरोबर."

"शंभर मोजून होईपर्यंत," सुभेदारसाहेब चहाचा कप खाली ठेवत म्हणाले, "साहेबांची चार वेळा बदली झालेली असते रे."