शंभराव्या दिवशी नेमकं काय संपतं?

‘शंभर दिवस काढले की सुटलात. काउंट आले म्हणजे प्रतिकारशक्ती आली, मग ती दाबणारी औषधं चालू ठेवण्यात काय अर्थ? मध्ये ताप आला तर घाबरू नका, नव्या पेशी कामाला लागल्याची ती खूण. पुरळ, जुलाब म्हणजे केमोचं विष बाहेर पडतंय. वर्षभर कच्ची फळं बंद, लस तर कधीच नको. आणि दात्याचा कणा कायमचा अधू होतो, तेव्हा भावंडांना यात ओढू नका.’

रक्ताच्या मूळपेशींचं प्रत्यारोपण झालेल्यांच्या नातेवाइकांमध्ये हा निरोप फिरतोय. लिहिणाऱ्याला या विषयातलं थोडंफार कळतं, हीच त्यातली अडचण. निव्वळ थाप असती तर लोकांनी केव्हाच सोडून दिली असती.

आधी काउंटचं, म्हणजे रक्तातल्या पेशींच्या संख्येचं पाहू, कारण बाकीच्या चुका तिथूनच निघतात. न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी, सलग तीन दिवस ५०० च्या वर राहिल्या की नव्या पेशी रुजल्या असं आम्ही डॉक्टर म्हणतो. दात्याच्या रक्तातून गोळा केलेल्या पेशी असतील तर याला साधारण दोन आठवडे लागतात, बोन मॅरोतून, म्हणजे हाडांच्या आतल्या मगजातून काढलेल्या असतील तर तीन, आणि नाळेतल्या रक्ताच्या असतील तर आणखी जास्त. वॉर्डात तो दिवस आनंदाचाच असतो. पण न्यूट्रोफिल म्हणजे फक्त दारावरचे पहारेकरी. विषाणू ओळखून त्यांचा माग काढणाऱ्या टी-पेशी घडायला वर्ष, कधी त्याहून जास्त काळ जातो. त्या जिथे तयार होतात ती थायमस ग्रंथी मोठ्या माणसात आधीच आक्रसलेली असते, त्यामुळे वय जितकं जास्त तितका उशीर. रिपोर्टवर पांढऱ्या पेशी ६,००० दिसत असतानाही शरीरात वर्षानुवर्षं गुपचूप पडून असलेला सायटोमेगॅलोव्हायरस डोकं वर काढू शकतो. म्हणून तर दर आठवड्याला त्याची पीसीआर तपासणी होते. धोका जास्त असलेल्यांना त्याला रोखणारं लेटरमोव्हिर हे औषध आधीपासूनच देतात. नागीण होऊ नये म्हणून असायक्लोव्हिर, न्यूमोनियाच्या एका खास प्रकारासाठी को-ट्रायमॉक्साझोल, ही औषधंही काउंट छान असताना चालूच असतात.

मग शंभर हा आकडा आला कुठून? दात्याकडून आलेल्या पेशी पेशंटच्याच शरीरावर उलटतात त्या आजाराला जीव्हीएचडी म्हणतात. पूर्वी शंभर दिवसांच्या आतला तो ‘तीव्र’ आणि नंतरचा ‘जुनाट’, अशी वाटणी असे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या २००५ च्या निकषांनी ती रेघ पुसली आणि लक्षणांवरून निदान करायला सांगितलं. शंभराव्या दिवसाच्या आसपास मोठी तपासणी होते ती आजवरचा हिशोब मांडायला. सुटकेची तारीख ती नव्हे.

आता औषधं बंद करण्याबद्दल. स्वतःच्याच पेशी परत चढवल्या असतील तर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं बहुधा लागतच नाहीत. निरोपाला हा फरकही माहीत नाही. दात्याच्या पेशी असतील तर गोष्ट किडनी प्रत्यारोपणाच्या उलटी. तिथे शरीर नव्या अवयवाला परकं मानतं, इथे नव्या पेशी अख्ख्या शरीरालाच परकं मानतात. सायक्लोस्पोरिन किंवा टॅक्रोलिमस हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध त्यांना लगाम घालतं. लगाम फार आवळून ठेवणंही बरं नाही, हे मात्र खरं. याच परक्या पेशी उरलेला ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग हुडकून मारतात. म्हणून डॉक्टर डोस टप्प्याटप्प्याने उतरवतात, आणि आजार परत डोकावला तर कधी मुद्दाम लवकर थांबवतात. हा निर्णय रिपोर्ट समोर ठेवून घ्यायचा असतो. फॉरवर्ड वाचून एका रात्रीत गोळ्या बंद करणं ही निराळी गोष्ट.

जाता जाता एक सांगतो. या औषधाची रक्तातली पातळी तपासायची असेल त्या दिवशी सकाळची गोळी रक्त दिल्यावर घ्यायची. कितीतरी जण नेमकी ती घेऊन येतात, मग आकडा फुगलेला दिसतो. बुरशीवरच्या काही गोळ्यांनी आणि ग्रेपफ्रूटच्या रसानेही ही पातळी चढते. वनौषधींच्या पुडीत काय असतं ते पुडी देणाऱ्यालाही ठाऊक नसतं, आणि तिच्यात बुरशीचे बीजाणू असू शकतात.

ताप. पेशी रुजताना ताप, पुरळ, फुप्फुसात पाणी असं एक लक्षणसमूहाचं चित्र दिसू शकतं, निरोपातलं अर्धसत्य बहुधा इथूनच उचललेलं आहे. पण जंतुसंसर्ग गृहीत धरून उपचार सुरू केल्याशिवाय कोणताही शहाणा डॉक्टर तसं निदान करत नाही. एकदा ३८.३ अंश सेल्सिअस किंवा तासभर ३८ भरला की फोन करायचा, मग रात्रीचे दोन का वाजले असेनात. न्यूट्रोफिल कमी असतील तर तासाभरात अँटिबायोटिक शिरेतून सुरू व्हायला हवं. आधी पॅरासिटामॉल देऊन ‘बघू उतरतोय का’ असं करू नका. स्टेरॉइड चालू असलेल्याला तर कधी ताप येतही नाही, नुसती हुडहुडी भरते किंवा रक्तदाब घसरतो.

‘विष बाहेर पडतंय’ हे वाक्य वाचून मला राग येतो. तळहात, तळपाय, कानामागे लाली आणि पाण्यासारखे जुलाब ही जीव्हीएचडीची ठळक लक्षणं आहेत. मोठ्या माणसात जुलाब दिवसाला ५०० मिलिलिटरच्या वर गेले की आतड्याच्या आजाराची पायरी सुरू होते. म्हणून तर नर्स तुम्हाला मापाचं भांडं देतात. वेळेत स्टेरॉइड दिले तर पुष्कळांचा आजार आटोक्यात येतो, नाही आला तर रक्सोलिटिनिब हे दुसरं औषध आहे. घरी बसून वाट पाहिली तर हाताळायला सोपे असलेले दिवस निघून जातात.

फळांबद्दल फार लिहीत नाही. इटलीतल्या अनेक केंद्रांनी केलेल्या आणि २०२३ मध्ये छापून आलेल्या चाचणीत कडक पथ्य पाळणाऱ्यांत संसर्ग कमी झाला नाही. नीट धुतलेलं फळ चालतं की नाही ते आपल्या टीमला विचारा. कच्चं मांस, कच्ची अंडी आणि न तापवलेलं दूध मात्र नकोच.

लशीचं तर निरोपात नेमकं उलटं लिहिलंय. लहानपणी घेतलेल्या लशींची आठवण प्रत्यारोपणात बरीचशी पुसली जाते, म्हणून त्या पुन्हा पहिल्यापासून घ्याव्या लागतात. निष्क्रिय लशी काही महिन्यांतच सुरू होतात. गोवरासारख्या जिवंत लशी दोन वर्षांपूर्वी नाहीत, आणि तेव्हाही जीव्हीएचडी नसेल व औषधं थांबलेली असतील तरच. घरातल्या बाकीच्यांनी फ्लूची लस घ्यायलाच हवी.

राहिला दाता. आजकाल बहुतेकदा चार-पाच दिवस मूळपेशी रक्तात उतरवणाऱ्या जी-सीएसएफ या औषधाची इंजेक्शनं देऊन मशीनवर रक्तातूनच पेशी वेगळ्या करतात. बोन मॅरो काढायचाच असेल तर भूल देऊन कमरेच्या हाडाच्या मागच्या कडेतून काढतात, मज्जारज्जूशी त्याचा संबंध येत नाही. काढलेला मॅरो काही आठवड्यांत भरून निघतो. इंजेक्शनांच्या दिवसांत हाडं ठणकतात आणि मॅरो दिल्यावर कंबर काही दिवस धरते, हे मात्र दात्याला आधीच सांगून ठेवायला हवं.